पाटीवर दिशा नको, गावाचं नाव लिहा!

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. विषय वरवर पाहता आपल्या तालुक्याचा नाही. मेट्रोचा आहे, तोही जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोचा. "आपल्याकडं एसटी वेळेवर येईना आणि हे मेट्रोचं काय घेऊन बसलेत," असं कुणी म्हणेल. तरी शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

मागच्या वर्षी आमच्या आप्पांना एका मोठ्या शहरात दवाखान्यात दाखवायला घेऊन गेलो होतो. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वय पंच्याहत्तर, आयुष्य शेतात गेलेलं. शहराचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही तक्रार एका ठिकाणची नाही. आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला होता. "मेट्रोनं या, पूर्वेच्या गेटनं बाहेर पडा, समोरच आहोत. साडेदहाचा नंबर आहे."

सव्वादहाला आम्ही स्टेशनात उतरलो. जमिनीखाली दोन मजले. गाडीतून उतरल्यावर एका खांबावर 'पूर्व' असं लिहून बाण होता. बाणाप्रमाणं गेलो, सरकता जिना चढलो, तर वर चार वाटा. तिथं 'पूर्व' कुठंच नाही. ए, बी, सी, डी अशी अक्षरं आणि त्यांच्याखाली आम्ही कधी न ऐकलेल्या रस्त्यांची नावं. विचारायला माणूस नाही. मी मोबाईल काढला, तर त्यातला होकायंत्राचा काटा देवळातल्या पुजाऱ्यासारखा प्रदक्षिणा घालत होता.

आप्पा म्हणाले, "थांब. उगवत इकडं आहे. चल."

आता आप्पांवर विश्वास न ठेवायचं कारण नव्हतं. रात्री दोन वाजता, लाईट आल्यावर पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस. अमावास्येच्या अंधारात कुठल्या बांधावर उभा आहे हे सांगणारा. मी मुकाट्यानं मागं गेलो. वर आलो आणि ऊन बरोबर पाठीवर पडलं. म्हणजे आम्ही नेमके उलट्या बाजूला निघालो होतो. समोर सहापदरी रस्ता, मधे लोखंडी जाळी. पलीकडं दवाखान्याची पाटी दिसत होती, पण जायला वाट नाही. परत खाली उतरायचं तर आप्पांचे गुडघे. लिफ्ट दुसऱ्या टोकाला.

दवाखान्यात पोचायला सव्वाअकरा झाले. नंबर गेला होता. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. पुढची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. लॉजचं भाडं, दोघांची तिकिटं, माझी दोन दिवसांची सुट्टी, सगळं पाण्यात. आणि तीन आठवडे घरात सगळ्यांच्या जिवाला घोर.

परतीच्या गाडीत आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, खाली सूर्य नसतो हे माझ्या ध्यानातच नाही राहिलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या विषयावर वाचत बसलो. तेव्हा कळलं की आप्पा काही एकटे चुकलेले नाहीत. लंडनमध्ये लोक ह्या दिशांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं डोकं खाजवत आलेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी दिशांच्या विरोधात नाही. दिशा आपल्याला कुणी शिकवायला नको. जमिनीचं कुठलंही खरेदीखत उघडा, चतुःसीमा त्यात असतेच. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमक्याची विहीर. आपल्याकडं माणूस पत्ता सांगतानाही "देवळाच्या वरल्या अंगाला, मावळतीकडं तोंड करून घर आहे" असं सांगतो. शेतात ही पद्धत एकदम बरोबर आहे. डोक्यावर सूर्य असतो आणि बांध जागचा हलत नाही.

जमिनीखाली यातलं काहीच उरत नाही. सूर्य नाही. जिना एकदा वळतो, दोनदा वळतो, आपण किती फिरलो ह्याचा हिशोब राहत नाही. मोबाईलचं होकायंत्र चुंबकावर चालतं आणि आजूबाजूला टनांनी लोखंड आणि विजेच्या तारा, त्यामुळं त्याचाही भरवसा नाही. पण ही कारणं किरकोळ आहेत. खरं कारण वेगळंच आहे, आणि ते समजायला लंडनला जावं लागतं.

लंडनची भुयारी रेल्वे जगातली पहिली. १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. तिथं प्लॅटफॉर्मच्या पाट्यांवर गाडी कुठल्या दिशेची ते लिहिलेलं असतं. नॉर्थबाउंड म्हणजे उत्तरेकडं जाणारी, साउथबाउंड म्हणजे दक्षिणेकडं, तसंच ईस्टबाउंड आणि वेस्टबाउंड. ऐकायला किती सोपं!

आता हे बघा. तिथं यूस्टन नावाचं एक मोठं स्टेशन आहे. त्याच्या पुढचं स्टेशन किंग्ज क्रॉस. तुम्हाला यूस्टनहून किंग्ज क्रॉसला जायचंय. व्हिक्टोरिया लाईननं गेलात तर नॉर्थबाउंड गाडी पकडायची. आणि नॉर्दर्न लाईननं गेलात तर? साउथबाउंड!

परत वाचा. चढायचं स्टेशन एकच, उतरायचं स्टेशनही एकच. एक पाटी म्हणते उत्तर, दुसरी म्हणते दक्षिण. आणि प्रत्यक्षात किंग्ज क्रॉस हे यूस्टनच्या साधारण पूर्वेला आहे. लंडनचा नकाशा मोबाईलवर उघडा आणि स्वतः तपासा.

दोन्ही पाट्या खोट्या आहेत का? नाहीत. व्हिक्टोरिया लाईन एकूण बघितली तर शहराच्या दक्षिणेकडून उत्तरेकडं जाते. नॉर्दर्न लाईनची गाडी उत्तरेकडून येऊन दक्षिणेकडं निघालेली असते. यूस्टनपाशी दोन्ही लाईनी पूर्वेकडं वळसा घेतात आणि तेवढ्यापुरत्या बरोबरीनं जातात. म्हणजे पाटीवर लिहिलेली दिशा ही तुम्ही उभे आहात तिथली दिशा नसतेच. ती त्या लाईनची, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंतची सरासरी दिशा असते.

माझा मुद्दा इथंच आहे. पाटीवरची उत्तर ही आभाळातली उत्तर नाही. ती ऑफिसात बसून ठरवलेली उत्तर आहे. आणि गंमत म्हणजे, ज्याला दिशेचं काहीच कळत नाही तो माणूस ह्यात फसत नाही, तो सरळ कुणालातरी विचारतो. ज्याला दिशा पक्क्या कळतात तोच फसतो. आप्पांसारखा.

अजून एक उदाहरण. तिथली ज्युबिली लाईन. ग्रीन पार्क स्टेशनवर तिच्या पाट्या उत्तर आणि दक्षिण म्हणतात. एक स्टेशन पुढं वेस्टमिन्स्टरला त्याच लाईनच्या पाट्या पूर्व आणि पश्चिम म्हणतात. लाईन तीच, गाडी तीच, बसलेली माणसंही तीच. सर्कल लाईनचं तर विचारूच नका. गोल फिरणाऱ्या गाडीला कसली आली दिशा? घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरणारी गाडी शहराच्या उत्तर अंगाला असते तेव्हा पूर्वेकडं जात असते आणि दक्षिण अंगाला आली की पश्चिमेकडं. आणि ज्या लाईनचं नावच नॉर्दर्न, म्हणजे उत्तरेची, तिच्यावरचं मॉर्डन हे स्टेशन लंडनच्या सगळ्या भुयारी रेल्वेतलं सर्वांत दक्षिणेचं स्टेशन आहे!

त्यात भर म्हणजे नकाशा. लंडनच्या भुयारी रेल्वेचा जो प्रसिद्ध नकाशा आहे तो हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हातात आला. त्यानं सगळ्या लाईनी सरळ केल्या. आडव्या, उभ्या, नाहीतर तिरप्या. प्रवाशाला कुठं गाडी बदलायची एवढं कळलं म्हणजे झालं, जमिनीवर स्टेशन नेमकं कुठं आहे ते कशाला हवं, असा साधा विचार. विचार अगदी बरोबर होता. म्हणून जगभर त्याची नक्कल झाली. पण त्यामुळं एक विसंगती तयार झाली. नकाशा म्हणतो, दिशा विसरा. पाटी म्हणते, दिशेनं चला. नवख्या माणसानं कुणाचं ऐकायचं?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकारानं एकच बाजू लावून धरली. दिशा लिहिण्यामागं कारण आहे. एकाच लाईनला फाटे फुटतात. नॉर्दर्न लाईनच्या उत्तरेकडच्या गाड्या एजवेअर, हाय बार्नेट, मिल हिल ईस्ट अशा वेगवेगळ्या ठिकाणी जातात. काही गाड्या मधेच संपतात. मग पाटीवर कुठलं नाव लिहायचं? 'नॉर्थबाउंड' लिहिलं की एका शब्दात काम भागतं. शिवाय लंडनच्या पाट्यांवर दिशेसोबत पुढच्या स्टेशनांची यादीही असते, हे मान्य करायलाच हवं. पण मग मला सांगा, यादी वाचूनच जर माणूस गाडी पकडत असेल, तर दिशेचा शब्द वर मोठ्या अक्षरात कशासाठी?

आपल्या रेल्वेतही असे शब्द आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये चर्चगेट किंवा सीएसएमटीकडं येणारी गाडी अप आणि तिकडून सुटणारी डाऊन. रेल्वेच्या माणसांना हे शब्द लागतात, त्यांच्या कामाचे आहेत. पण मुंबईचा चाकरमानी कधी "डाऊन गाडी पकडतो" म्हणतो का? तो म्हणतो विरार पकडतो, कल्याण पकडतो. कामगारांचे शब्द यार्डात ठेवायचे असतात, पाटीवर आणायचे नसतात.

"पण मुंबईत ईस्ट-वेस्ट तर सगळेच वापरतात," असा प्रश्न कुणीतरी टाकणार, म्हणून आधीच उत्तर देतो. बरोबर आहे. अंधेरी पूर्व, अंधेरी पश्चिम, बोरिवली पूर्व, बोरिवली पश्चिम. हे तिथं चालतं, कारण पश्चिम रेल्वेचा रूळ साधारण उत्तर-दक्षिण आहे आणि स्टेशनला बाजू दोनच. वर आभाळ आहे. दुसरं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वापरून ते शब्द आता दिशा राहिलेच नाहीत, ती वस्त्यांची नावं झालीत. 'अंधेरी वेस्ट' हे पत्त्यातलं नाव आहे. म्हणजे तिथंही माणूस दिशेनं नाही, नावानंच चालतो.

आता जमिनीखालच्या गाड्या आपल्या राज्यात आल्यात. मुंबईची मेट्रो ३, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आरेचं सोडलं तर सगळी जमिनीखाली. पुण्यात २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. आता बघा, स्वारगेट म्हणजे कोण? आपणच की! सोलापूर, सातारा, सांगलीकडनं येणारी एसटी जिथं उतरवते ते स्वारगेट. हातात पिशवी, पिशवीत रिपोर्टची फाईल, सोबत म्हातारं माणूस. हा प्रवासी जमिनीखाली उतरणार आहे. पाट्या त्याला कळल्या पाहिजेत. रोज जाणाऱ्याला पाटी लागतच नाही. तो मोबाईलमध्ये मान घालूनही बरोबर प्लॅटफॉर्मवर जातो. पाटी असतेच मुळी पहिल्यांदा आलेल्यासाठी.

मग दिशा नको तर काय लिहायचं? बरेच जण म्हणतील, शेवटच्या स्टेशनचं नाव लिहा. त्यातही गोम आहे. मुंबईच्या मेट्रो ३ चंच घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन बीकेसी होतं. मे २०२५ मध्ये ते आचार्य अत्रे चौक झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड. एका वर्षात तीन शेवटची स्टेशनं! आणि आपल्या गावाकडच्या माणसाला आरे कुठं नि कफ परेड कुठं, काय माहीत? त्याला दादर माहीत आहे, सिद्धिविनायक माहीत आहे, सीएसएमटी माहीत आहे, विमानतळ माहीत आहे. ही चारही नावं त्याच लाईनवर आहेत. ती मोठ्या अक्षरात लिहा. "दादर, सीएसएमटीमार्गे कफ परेड." संपलं!

आणि हे मी नवीन काही सांगत नाहीये. ही अक्कल आपल्या एसटीला कधीपासून आहे. गाडीच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं? बार्शी–पुणे, मार्गे कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर. कुठं जाणार आणि कशी जाणार, दोन्ही गोष्टी एका पाटीवर. 'पश्चिमेकडं जाणारी बस' असं कधी कुठल्या स्टँडवर वाचलंय? कंडक्टर दारात उभा राहून गावाचं नाव ओरडतो, दिशेचं नाही. तो 'मार्गे' हा एक शब्द लाखमोलाचा आहे. एसटीला आपण रोज शिव्या घालतो, मीही घालतो. पण पाटी कशी लिहावी हे शिकायला परदेश दौरा काढायची गरज नाही. कुठल्याही स्टँडवर अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे.

बाहेरून घ्यायचंच असेल तर टोकियोकडून एक गोष्ट घ्या. तिथल्या भुयारी रेल्वेनं २००४ मध्ये प्रत्येक स्टेशनाला अक्षर आणि नंबर दिला. गिंझा लाईनवर शिबुया हे जी-०१ आणि दुसऱ्या टोकाचं आसाकुसा जी-१९. जपानी वाचता येत नसेल तरी अडत नाही. तुम्ही जी-०९ वर आहात, जायचंय जी-१६ ला, तर नंबर वाढणाऱ्या बाजूची गाडी पकडायची. आपल्या हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांसारखंच की हे! अक्षर ओळख नसलेल्या, पण आकडे ओळखणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी आयाबायांना हे जमेल.

तर जे लोक पाट्या ठरवतात, त्यांच्यापर्यंत कुणी हे पोचवणार असेल, तर माझ्या साध्या चार मागण्या आहेत.

१) प्लॅटफॉर्मच्या पाटीवर दिशा नको. पुढची दोन-तीन माहितीची ठिकाणं आणि मग शेवटचं स्टेशन लिहा. ठळक मराठीत.

२) बाहेर पडायच्या वाटेला नुसतं अक्षर देऊ नका. दवाखाना, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, कोर्ट, देऊळ, जे काय वर असेल ते लिहा. माणूस 'सी' गेटला जायला घरातून निघत नाही.

३) जिथं दोन वाटा फुटतात तिथंच पाटी हवी. जिना चढून गेल्यावर नको. आणि पहिल्या पाटीवरचा शब्द दुसऱ्या पाटीवर गायब व्हायला नको. एकदा 'दवाखाना' म्हटलंत की दारापर्यंत 'दवाखाना'च म्हणा.

४) पाटी लावण्याआधी ती एकदा तपासा. इंजिनियरकडून नाही. गावाकडून पहिल्यांदा आलेल्या एका माणसाला स्टेशनात सोडा आणि मागं मागं चाला. तो जिथं थांबेल, तिथं पाटी चुकली. ह्याला कन्सल्टंट लागत नाही.

आता शेवटचं, आणि हे खास आपल्या गावासाठी. मेट्रो आपल्याकडं येईल तेव्हा येईल. पण पाट्या आपल्याकडंही आहेतच. आपल्या गावातल्या एका सरकारी इमारतीत (नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे) परवा बातमीसाठी गेलो होतो. पाटीवर लिहिलंय, 'दक्षिण विंग, पहिला मजला, कक्ष क्र. १४'. दाखल्यासाठी आलेली एक आजी हातात कागद घेऊन जिन्यात उभी होती. तिला दक्षिण कळत नव्हती असं नाही. बंद इमारतीत ती शोधायची कुठं, हे कळत नव्हतं. शेवटी तिला दाखवलं कुणी? गेटावरच्या चहावाल्यानं. आपल्या प्रत्येक ऑफिसाबाहेर असा एक चहावाला असतो आणि चौकशी खिडकीचं खरं काम तोच करतो, फुकट. "पोरा, दाखला कुठं मिळतो?" एवढंच तिला विचारायचं होतं. पाटीवर 'दाखले इथं मिळतात' एवढंच लिहायचं होतं.

पाटी लिहिणारा माणूस त्याला स्वतःला काय माहीत आहे ते लिहितो. वाचणाऱ्याला काय हवंय ते लिहीत नाही. लंडन असो नाहीतर आपला तालुका, रोग एकच. आणि त्याची किंमत पाटी लिहिणारा कधीच मोजत नाही. ती मोजतो नंबर हुकलेला पेशंट, इंटरव्ह्यूला उशीर झालेला पोरगा आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई.

आप्पांची तब्येत आता ठीक आहे, विचारणाऱ्यांसाठी सांगतो. तीन आठवड्यांनी परत गेलो. तेव्हा आप्पांनी खाली उतरल्यावर दिशेचा विचारच केला नाही. तिथल्या झाडूवाल्या मावशींना विचारलं, "ताई, दवाखाना कुठं?" त्यांनी हातातला झाडू उचलून वाट दाखवली. दोन मिनिटांत पोचलो.

आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या, किंवा प्रवासात दिसलेल्या अशा न कळणाऱ्या पाट्यांचे फोटो कमेंटमध्ये टाका. ठिकाण लिहा. आठवडाभरात जेवढे जमतील तेवढे एकत्र करून मी संबंधित कार्यालयांत स्वतः नेऊन देतो आणि पोच घेतो. ती पोचही इथंच टाकेन. पाटी बदलायला निधी लागत नाही, एक डबा रंग आणि थोडी माणुसकी लागते.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण पोस्ट पूर्ण वाचून भांडा.